कॅमेरा नसलेलं शूटिंग

सेवेतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली घरफोडी कुठल्या ठाण्यातली, कुठला आरोपी कुणी पकडला, असं कुणी विचारलं तर मला थांबून आठवावं लागतं. कारेगावच्या एका खोलीपासून राहू गावच्या गुऱ्हाळापर्यंतची एक दुपार मात्र न आठवताही जशीच्या तशी समोर येते. त्यातल्या माणसांची नावं मी देणार नाही. एक मुलगा, एक मुलगी आणि एक सिनेमा दिग्दर्शक, एवढी ओळख पुरेशी आहे.

मी तेव्हा जिल्ह्याच्या ग्रामीण भागात गुन्हे शाखेत होतो. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके माझ्या पथकाकडे होते. त्या हिवाळ्यात पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक कारेगावात सिनेमा करायला आला. पैसा त्याचा स्वतःचा आणि मित्रांचा. गोष्ट आमच्याच भागातली: औद्योगिक वसाहतीत काम करणारी दोन पोरं, त्यांचं आंधळं प्रेम आणि एमडी पावडरचं व्यसन. नट त्याला नको होते. त्याने इथलीच दोन पोरं निवडली. मुलगा राहूजवळच्या वस्तीवरचा, एका कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर; वडील एस.टी. डेपोत मेकॅनिक. मुलगी शिरूरची, कॉलेज अर्धवट सोडून पॅकिंग लाइनला लागलेली. दोघंही विशीच्या आसपास.

शूटिंगच्या परवानगीचा अर्ज ठाण्याकडे आला, तेव्हा आमचा एक अंमलदार जाऊन खात्री करून आला. पावडर म्हणून ग्लुकोज वापरत होते. डबाही दाखवला त्यांनी. हरकत घेण्यासारखं काही नव्हतं.

कारेगावच्या त्या चाळीत भाडेकरू सगळे कामगार. त्यांच्या बायकापोरांनी तीन-चार आठवडे ते शूटिंग रोज पाहिलं. पहिल्याच दिवशी त्यांना सांगितलं गेलं होतं: आत कितीही आरडाओरडा झाला, कुणी पडलं, कुणी रडलं, तरी दार वाजवायचं नाही आणि मध्ये यायचं नाही. चाळीने ते मनापासून पाळलं. कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून बायका भातसुद्धा शूटिंग थांबल्यावर लावायच्या.

मग एके दिवशी सकाळी मला चहाच्या गाडीवाल्याचा फोन आला. हा माझा जुना बातमीदार. कारेगावच्या चौकात बसून त्याला अख्ख्या गावाची खबर असे.

"सायेब, शूटिंगवालं गेलं की."

"मग?"

"मग ती दोघं हाय तिथंच हायेत. खोलीचं भाडं म्हैनाअखेर भरल्यालं हाय म्हनं. आन् लोकं यायला लागल्यात."

"कसली लोकं?"

"डबल शिफ्टवाली पोरं. आत जात्यात आन् लगीच भाईर येत्यात. शेजारची म्हंत्यात, पिच्चरचं राह्यल्यालं काम चाललंय. मी म्हनलं, कॅमेरा न्हाई, लाईट न्हाई, मग कसली शूटिंग ही?"

चाळीतल्या इतक्या माणसांना जे दिसलं नाही ते ह्याला दिसलं, याचं कारण साधं होतं. शूटिंगवाल्यांचा चहा दुसऱ्या गाडीवरून जायचा आणि त्यामुळे हा रुसून शूटिंग संपेपर्यंत त्या चाळीकडे फिरकलाच नव्हता. गप्प बसायचा नियम त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

मिळालेली माहिती लेखी करून वरिष्ठांना कळवली. दोन सरकारी पंच बोलावले, वजनकाटा आणि सील घेतलं. झडतीत बाई असणार म्हणून आमच्या पथकातल्या महिला हवालदार बरोबर घेतल्या. त्या निमगावकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. बोलायला फटकळ, पण त्यांच्यासमोर बसलेलं माणूस हळूहळू मोकळं होई.

पहिली पाळी कामावर गेल्यावर चाळीत वर्दळ कमी असते म्हणून तीच वेळ धरली. गाडी कोपऱ्यावर थांबली आणि आम्ही उतरलो, तर ओट्यावर गहू निवडत बसलेल्या एका बाईने शेजारणीला हाक मारली, "अगं ये भाईर, आज पोलिसांचा सीन हाय!"

बघता बघता दारं उघडली. पोरं मोबाइल काढून उभी राहिली. एक म्हातारा माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "ह्यो पोलीस जाड हाय. मागला लई बारीक हुता."

"मागला पळायचा बी चांगला," दुसरा म्हणाला.

माझ्या पंचांपैकी एकाने हळूच विचारलं, "साहेब, हे खरंच आहे ना?"

हसू यावं अशीच वेळ होती. पण ह्या सगळ्या गलक्यात जायला नको तो वेळ गेला. मागच्या न्हाणीच्या बाजूने धप्प आवाज झाला आणि मोटारसायकल सुरू झाल्याचं ऐकू आलं. मागच्या बाजूला निघालेला आमचा माणूस धावला, तर पोरांनी त्याला वाट करून देण्याऐवजी टाळ्या वाजवल्या. मुलगा पसार झाला.

मुलगी खोलीतच होती. गादीच्या कडेला शांत बसलेली. तिला तिच्या हक्काची लेखी नोटीस दिली, राजपत्रित अधिकाऱ्यासमोर झडती हवी का ते विचारलं. तिने मान हलवून नकार दिला आणि सही केली. महिला हवालदारांनी आडोशाला झडती घेतली. पुड्या सापडल्या, फार नाहीत. उशीखालीही होत्या. पंचनामा झाला, मुद्देमाल सील झाला. आम्ही तिला गाडीत बसवलं तेव्हा गहू निवडणारी बाई तिला म्हणाली, "छान केलंस गं."

मुलीने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ठाण्यात आणून तिला पाणी दिलं, खायला मागवलं. तिने फक्त पाणी घेतलं. डोळ्यांखाली काळं झालेलं, ओठ सुकलेले, बोटं सारखी हलत होती. किती दिवस झोप नाही हे विचारायचीही गरज नव्हती. मला त्या वेळी दोनच गोष्टी हव्या होत्या: मुलगा कुठे आहे आणि माल कुठून येतो.

"तो कुठे गेला?"

"म्या न्हाई पाह्यलं. म्या निजले हुते. जाग आली तवा त्यो गेलता."

हे उत्तर धडधडीत खोटं होतं, कारण ती आमच्या समोर जागी बसलेली होती. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच शब्द, तोच सूर आणि बोलून झाल्यावर तशीच खिडकीकडे वळलेली मान. माल कोण देतं असं विचारलं तर म्हणाली, "मला मारा, कापा, पर माज्या त्वांडातनं नाव न्हाई निघायचं."

आम्ही कुणी तिच्या अंगाला हातही लावला नव्हता. मारा-कापा कुठून आलं?

सराईत आरोपी खोटं बोलतो तेव्हा प्रत्येक वेळी थोडं बदलून बोलतो, कारण तो समोरच्याचा अंदाज घेत असतो. ही मुलगी शब्दही बदलत नव्हती. मी बाहेर आलो. महिला हवालदार माझ्या मागोमाग आल्या.

"सर, एक बोलू का? ही पोरगी शिरूरची. आत्ता मला म्हणाली, 'मॅडम, प्लीज फॅन लावा ना.' आणि तुमच्यापुढं 'म्या' आणि 'त्वांड'. आमच्याकडं ह्या वयाची पोरगी असं बोलत नाही आता. माझी आजी बोलायची. ही दुसऱ्याच कुणाचं तरी बोलतीय."

ते ऐकल्यावर मी दिग्दर्शकाचा नंबर लावला. तो पुण्यात होता. मुलगी ताब्यात आहे असं सांगताच तो गडबडला, "सर, माझा काही संबंध नाही, आमचं पॅकअप कधीच झालंय." मी त्याला थांबवलं आणि तिची उत्तरं जशीच्या तशी वाचून दाखवली.

शेवटचं वाक्य त्याने मला पुन्हा वाचायला लावलं.

"सर, हे तर माझे डायलॉग आहेत."

"कुठले?"

"शेवटाकडचे. पोलीस तिला धरतात, ती काहीच सांगत नाही, मग पुरावा नाही म्हणून तिला सोडतात."

"आणि मुलगा?"

"तो गुऱ्हाळात लपलेला असतो. तिची वाट बघत. नशेत तडफडतो, मेल्यासारखा पडतो. मग ती येते, तो उठतो आणि दोघं निघून जातात."

"कुठलं गुऱ्हाळ?"

"कासुर्डीहून आत, राहूच्या बाजूला. बंद पडलेलं आहे. लोकेशन त्या मुलानेच दाखवलं होतं, मला नीट रस्ता नाही सांगता येणार. सर, ऐका ना, त्यांनी खरंच घेतली का ती पावडर?"

मी फोन ठेवला.

परत आत गेलो तेव्हा मी तिच्यासमोरची खुर्ची ओढली नाही. तिच्या शेजारच्या बाकावर बसलो.

"तो गुऱ्हाळावर गेलाय ना?"

तिची बोटं थांबली.

"तुमच्या दिग्दर्शकाशी बोललो मी. पोलीस तुला सोडतात आणि तू तिकडे जातेस. असंच ठरवलंय ना तुम्ही?"

आता ती तिच्या स्वतःच्या बोलीत बोलली. "सर, तुम्ही मला सोडणार नाही?"

"नाही बाळ. तुझ्याकडे माल सापडलाय."

"ठीक आहे. पण त्याला नका पकडू. त्याच्याकडे काहीच नाहीये."

"मग पळाला कशाला?"

महिला हवालदार तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं सांग की. आता काय राहिलंय लपवायचं?"

"त्याच्या खिशात काही नाहीये, मॅडम. त्याने गिळल्यात."

"काय गिळलंय?"

"पुड्या. तुमची गाडी दिसली ना, तेव्हा. काही होत नाही त्याने. सिनेमात पण गिळतो तो. नंतर एकदम नॉर्मल असतो."

"सिनेमातल्या पुड्यांत काय होतं?" मी विचारलं.

"ग्लुकोज," ती म्हणाली. आणि स्वतःचाच शब्द ऐकून तिचा चेहरा पांढरा पडला. "सर, चला ना. सर, आत्ता चला."

राहू-कासुर्डीच्या पट्ट्यात गुऱ्हाळं पावलापावलावर आहेत. हंगाम ऐन भरात होता. जवळच्या ठाण्याला बिनतारी संदेश दिला, रुग्णवाहिका कळवली, पण नेमकं कुठे जायचं ते फक्त मुलीला माहीत होतं. तिच्या ताब्याची नोंद घातली आणि तिला गाडीत घेतलं. महिला हवालदार तिला खेटून बसल्या.

न्हावऱ्याच्या पुढे उसाच्या जोड ट्रॉल्यांची रांग लागलेली. चालकाने हॉर्नवरचा हात काढला नाही. ट्रॅक्टरवाल्यांनी गाणी मोठ्याने लावलेली, त्यांना मागचं काही ऐकू येत नव्हतं. भीमेच्या पुलावर तर एक ट्रॉली आडवीच बसली होती. मी उतरून, ओरडून, दोन ट्रॅक्टर मागे घ्यायला लावले. मागे मुलगी सारखी बोलत होती. पहिल्यांदा कुणी दिलं, तेही तिने आपणहून सांगितलं: शूटिंगवर जनरेटर चालवणारा माणूस. ग्लुकोज घेऊन डोळे तसे दिसत नाहीत, एकदा खरं घेऊन बघा, काम भारी होईल, असं तो त्यांना म्हणाला होता. आणि काम खरंच भारी झालं होतं. दिग्दर्शक खूश होता. का ते त्याने विचारलं नाही.

"आम्ही नंतर बंद करणार होतो, मॅडम. शूटिंग संपलं की."

"व्हय गं बाई," हवालदार म्हणाल्या. "तू आता पुढं बघ, रस्ता दाखव."

राहूच्या अलीकडे तिने डावीकडे वळायला सांगितलं. उसातली कच्ची वाट. एका बांधाला चालू गुऱ्हाळ, रस आटवायच्या मोठ्या काहिलीखालचा जाळ, उकळत्या रसाचा वास, उत्तर प्रदेशचे पाच-सहा कामगार. त्याच्या पलीकडे शे-दीडशे पावलांवर ते दुसरं, बंद पडलेलं. मोटारसायकल दारात आडवी पडलेली.

मुलगा आत चिपाडाच्या ढिगावर होता. अंग तव्यासारखं तापलेलं, दातखीळ बसलेली, तोंडाला फेस. श्वास चालू होता. आम्ही चौघांनी त्याला उचललं. तेवढ्यात चालू गुऱ्हाळाचे मालक धावत आले. साठीतले आप्पा, धोतर, कानाला मफलर. आम्ही त्याला कसा उचलतोय ते पाहून त्यांचे पाय तिथेच थांबले.

"सायेब, हे... ही शूटिंग न्हाई का?"

"आप्पा, कधीपासून असा आहे हा?"

"दुपारधरनं तडफडतुय की ओ. हाका बी मारत हुता. मी म्हनलं, तालीम करतुय. मागं शूटिंगच्या बारीला म्या मधी पानी घिऊन गेलो, तर त्यो डिरेक्टर वराडला माज्यावर. म्हनला, आप्पा, तुमच्यापायी सगळा सीन गेला. मंग मीच ह्या समद्यांना सांगितलं, कोन बी तकडं जायाचं न्हाई म्हनून."

त्यांच्या मागे उभा असलेला एक कामगार हात जोडून म्हणाला, "साहब, हम तो जा रहे थे. मालिक ने मना किया."

आप्पा गाडीचं दार उघडायला पुढे धावले.

हमरस्त्यावर रुग्णवाहिका भेटली. रुग्णालयात डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. पोटातल्या दोन पुड्या फुटल्या होत्या. दिवस मावळायच्या आत मुलगा गेला.

मुलीला मी स्वतः सांगितलं. ती ओरडली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "सर, मी आधी बोलले असते तर?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही," मी म्हणालो. ते खरं होतं, तरी ते बोलताना मला तिच्याकडे बघवलं नाही.

पुढचा तपास सरळ होता. जनरेटरवाला आठवड्याच्या आत मिळाला, त्याच्या मागचे दोघेही मिळाले. दोषारोपपत्र वेळेत गेलं आणि तिघांना शिक्षा लागली. दिग्दर्शकाला गुन्ह्यात घेण्याजोगा पुरावा नव्हता. त्याने सिनेमा कधीच पूर्ण केला नाही, एवढं मी त्याच्याबद्दल सांगू शकतो. मुलगी जामिनावर सुटली, व्यसनमुक्ती केंद्रात राहिली. न्यायालयानेही तिच्या वयाचा आणि थोड्या मालाचा विचार केला. ती आता कुठे आहे हे मला माहीत आहे, पण इथे लिहिण्याची गरज नाही. ती बरी आहे.

ह्या प्रकरणानंतर मला पुष्कळांनी विचारलं, इतकी माणसं बघत होती आणि कुणीच कसं गेलं नाही? लोक निर्दयी झालेत, असं म्हणून ते मोकळे होत. मला ते पटलं नाही. कारेगावची चाळ किंवा राहूचे आप्पा, ही माणसं कुणाच्याही हाकेला धावणारी होती. त्यांना कुणीतरी शिकलेल्या, शहरी माणसाने एक नियम घालून दिला होता आणि त्या कामाचा मान राखायचा म्हणून त्यांनी तो पाळला. नियम कधी उठला ते त्यांना कुणी येऊन सांगितलं नाही. शूटिंगवाले सामान भरून निघून गेले, एवढंच. नंतरच्या सेवेत माझ्या हाताखाली नवीन मुलं आली की मी त्यांना एकच सांगत असे: माणूस पडलेला दिसला तर आधी जवळ जाऊन हात लावून बघा. नाटक असलं तर तो शिव्या देईल. शिव्या खाऊन परत या.

मुलाचे वडील गेल्या महिन्यात वारले. आम्ही अधूनमधून भेटत असू, म्हणजे बहुतेक गप्प बसून चहा घेत असू. ते होते तोवर मला हे लिहिणं जमलं नसतं. दहाव्याहून परत आलो आणि मग कागद घेतला.

प्रकरण घडलं तेव्हा, जबाबासाठी दिग्दर्शकाला ठाण्यात बोलावलं होतं. त्याच दिवशी मुलाचे वडील मोटारसायकल सोडवायला आले. अंगावर डेपोतलेच ऑइलचे कपडे. दोघांची भेट होऊ नये असं मला वाटत होतं, पण झाली. वडील बराच वेळ त्याच्या लॅपटॉपच्या पिशवीकडे बघत राहिले.

"ह्याच्यात हाय का आमचा?"

दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिलं. चित्रीकरणाची प्रत तपासासाठी आमच्या ताब्यात आधीच होती. हे दाखवायला कायद्याची आडकाठी नव्हती. मी मान डोलावली.

त्याने कुठला भाग लावावा याचा विचार केला असेल की नाही, कुणास ठाऊक. लागला तो गुऱ्हाळातलाच. मुलगा चिपाडावर निपचित पडलेला. दिग्दर्शक घाईने बंद करायला गेला, तर वडिलांनी त्याचा हात धरला. तेवढ्यात आतून कुणीतरी 'कट' म्हणालं. मुलगा उठून बसला. मान खाजवली, शर्टात शिरलेलं चिपाड काढलं आणि सरळ समोर बघत हसून म्हणाला, "जमलं का ओ? का परत मरू?"

पलीकडून चार-पाच जण हसल्याचा आवाज आला आणि पडदा काळा झाला.

वडील खुर्चीत पुढे सरकले.

"पडल्यालं नगं," ते म्हणाले. "उठतुय तेवढं परत लावा."

दिग्दर्शकाने लावलं. मग वडिलांनी न सांगताच त्याने पुन्हा लावलं. बाहेर बाकावर दोन तक्रारदार कधीचे बसून होते. मी जाऊन त्यांना थोडं थांबायला सांगितलं आणि दार ओढून घेतलं.